पण तुम्ही तर धडधाकट दिसता!

जाईची_वेल

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

मागच्या मंगळवारी सकाळी डेक्कनवरून स्वारगेटकडे जाणाऱ्या बसमध्ये चढले. गर्दी होती पण राखीव सीटपैकी एक रिकामी होती, दिव्यांगांसाठीची, म्हणून बसले. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, सात वर्षं झाली, चौतिसाव्या वर्षी निदान झालं. लोकांना सांगितलं की लगेच "संधिवात? तो तर म्हातारपणी होतो ना?" असं येतं. नाही, हा वेगळा. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. माझी मनगटं आणि बोटांची पेरं सकाळी इतकी आखडलेली असतात की वरचा दांडा धरता येत नाही, धरला तरी ब्रेक लागला की पकड सुटते, एकदा अशीच सुटून ड्रायव्हरच्या मागच्या जाळीवर आदळले आहे. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. दिसते ती कुर्ता घातलेली, खांद्याला लॅपटॉपची बॅग लावलेली बाई.

दोन स्टॉप गेले असतील, समोर उभ्या असलेल्या एक ताई म्हणाल्या, अहो ही अपंगांची सीट आहे, वर लिहिलंय मोठ्या अक्षरात. मी म्हणलं हो, मला त्रास आहे म्हणूनच बसलेय. त्या म्हणाल्या, कसला त्रास? तुम्ही तर धडधाकट दिसता! मागून एक जण म्हणाला कार्ड असेल तर दाखवा. मग अजून एक जण, आजकालच्या तरुण पिढीला काही वाटतच नाही वगैरे. पूर्ण बस माझ्याकडे बघत होती.

मी उठले. तेच मला टोचतंय, की मी उठले. आणि ऐका, त्या सीटवर मग कोणीच बसलं नाही. स्वारगेटपर्यंत ती सीट रिकामी होती आणि मी शेजारच्या खांबाला कोपर अडकवून उभी होते.

घरी येऊन बाबांना सांगितलं. आता बाबांबद्दल लिहावंच लागेल. बाबांना दीड वर्षाचे असताना पोलिओ झाला, १९५६ साली. उजव्या पायाला मांडीपासून खाली कॅलिपर, चामड्याचे पट्टे आणि लोखंडी सळ्या, चालताना टक टक आवाज. सदाशिव पेठेतल्या वाड्यात जिन्यावर तो आवाज आला की आजी चहाचं आधण ठेवायची. बाबा एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, जायला यायला साइड व्हील लावलेली स्कूटर. वाड्यात त्यांना सरळ 'लंगडे' म्हणायचे, आडनाव असल्यासारखं, आणि मी 'लंगड्यांची मुलगी'. कुणाच्या मनात वाईट होतं असं नाही म्हणणार मी, त्याच लोकांनी आईच्या बाळंतपणात आमच्याकडे डबे पोचवले होते. पण बाबांच्या लग्नाच्या वेळी तीन ठिकाणांहून नकार आला, आणि आईच्या वडिलांनी होकार दिला तो "बसून करायची नोकरी आहे, चालेल" असं म्हणून. ते 'चालेल' बाबांना अजून आठवतं.

तर एवढा फरक नक्कीच पडलाय की आता बाबांना कोणी तोंडावर लंगडे म्हणत नाही. बँकेत माणसं उठून खुर्ची देतात. मेट्रो स्टेशनवर लिफ्टपर्यंत सोडायला येतात. हे मनापासून चांगलं आहे, मी याला नावं ठेवणार नाही. पण बाबांवर कधी कोणी अविश्वास नाही दाखवला. त्यांच्या वाट्याला कीव आली, ती त्यांना नको होती. माझ्या वाट्याला चौकशी येते.

कायद्याने यादी मोठी केली आहे. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, त्यात स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले, म्हणजे बघून न कळणाऱ्या कितीतरी गोष्टी. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. माझ्या आजाराचं नाव त्यात नाही, सांध्यांची हालचाल किती कमी झाली यावर टक्के ठरतात. मी एका सरकारी रुग्णालयात गेले होते तपासायला. डॉक्टर चांगले वागले, कोन मोजायचं यंत्र लावून एकेक सांधा बघितला. पण तो माझा बरा दिवस होता, बोटं वळत होती. टक्के ४० च्या खाली आले, त्यामुळे सवलतींपैकी बहुतेक काही लागू नाही. माझा आजार दर दिवशी वेगळा असतो आणि टक्का मात्र एकदाच लिहिला जातो.

पण लिहायचं होतं ते हे नाहीच. बाबा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "माझा पाय सगळ्यांना दिसायचा गं. पण दुखणं कुणाला दिसलं?"

गेली दहा-बारा वर्षं त्यांना पोस्ट पोलिओ सिंड्रोम आहे. पोलिओ होऊन कित्येक वर्षं गेली की ज्या स्नायूंनी आयुष्यभर दुसऱ्यांचा भार उचलला ते थकायला लागतात, चांगला पाय, हात, खांदे, आणि इतका थकवा की आंघोळ करून आलं की झोपावं लागतं. आम्हाला हे माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी सांगेपर्यंत चार वर्षं आम्ही, मी सुद्धा, रोज म्हणायचो बाबा जरा हिंडा फिरा, आळस करू नका, व्यायाम वाढवा. आणि अति व्यायामाने हे उलट वाढतं. म्हणजे कॅलिपर घातलेल्या माणसाला सुद्धा आम्ही घरातल्यांनी "तसं काही झालेलं नाहीये तुम्हाला" असंच म्हणत होतो की. बसमधल्या त्या ताईंना मी काय म्हणून बोलू?

तुमचे अनुभव लिहा. आणि कधी उठवणाऱ्यांच्या बाजूला होतात का, तेही लिहा.

पेशवेपार्क

वाचून कसंतरी झालं. सीट रिकामी राहिली हे डोक्यातून जात नाहीये. म्हणजे ती कुणाला हवी होती म्हणून उठवलंच नव्हतं तुम्हाला.

माझा एक कान पूर्ण गेलाय, लहानपणी गालगुंड झाले होते त्यातून. डाव्या बाजूने कोणी हाक मारली की कळत नाही. ऑफिसमध्ये दोन वर्षं मी 'शिष्ट' होतो. खरं कारण कळल्यावर एका सहकाऱ्याने सगळ्यांसमोर माझ्या डाव्या कानाशी टाळी वाजवून बघितली. असो, बाकीचे लिहितीलच.

काठीवाला

जाई, मी दुसऱ्या टोकावरून लिहितो. माझ्या हातात पांढरी काठी असते त्यामुळे माझं अपंगत्व शंभर फुटांवरून दिसतं. तरीपण मला खोटा ठरवलेलं आहे.

मला आरपी आहे, रेटिनायटिस पिग्मेंटोसा. लहानपणी संध्याकाळनंतर दिसायचं नाही, शाळेत मुलं धडपड्या म्हणायची, आई म्हणायची लक्ष कुठे असतं तुझं. मग हळूहळू बाजूचं दिसणं गेलं. आता कागदाची पुंगळी करून डोळ्याला लावा आणि त्यातून जग बघा, तेवढं मला दिसतं. नजरेचा कोन १० अंशांपेक्षा कमी असेल तर कायद्याने तो माणूस अंधच धरला जातो. पण त्या पुंगळीच्या मधोमध जे येतं ते अजून दिसतं. म्हणजे मी मोबाईलवर अक्षर मोठं करून मेसेज वाचू शकतो आणि पुढच्या मिनिटाला समोरच्या बाकड्याला धडकू शकतो. दोन्ही खरं आहे.

दोन वर्षांपूर्वी एका स्टेशनबाहेर मी काठी काखेत धरून फोन बघत होतो तर एका मुलाने व्हिडिओ काढला, मोठ्याने म्हणत होता बघा बघा आंधळा मोबाईल बघतोय. चारपाच जण हसले. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पुंगळीचं पण सांगितलं, त्याने तेही रेकॉर्ड केलं. तो व्हिडिओ कुठे गेला मला माहीत नाही. त्यानंतर किती महिने मी रस्त्यात फोन बाहेर काढला नाही, रिक्षा बुक करायची असली तरी आडोशाला जायचो.

लोकांना एकतर पूर्ण आंधळा कळतो नाहीतर पूर्ण डोळस. मधे कोणी असू शकतं हेच पटत नाही, आणि आमच्यातले बरेचसे मधेच असतात.

चांगलं पण सांगतो. मी आता वनाजहून मेट्रोत एकटा बसतो, सिव्हिल कोर्टला उतरून स्वारगेटची गाडी बदलतो. जमिनीवरची ती पिवळी उंचवट्यांची पट्टी आहे ना, ती शोभेची नाहीये, मी तिच्यावरून चालतो. लांब उंचवटे म्हणजे सरळ जा, गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. तिच्यावर उभे राहू नका एवढीच विनंती. जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ पण रुंद झाल्यापासून बरा आहे. मात्र त्यातून बाहेर पडून कुठल्याही गल्लीत शिरलो की फुटपाथवर दुचाक्या, फ्लेक्सचे सांगाडे, मधेच झाड, मधेच डीपी, तिथे काठी कितीही चांगली चालवली तरी काय उपयोग.

आणि मदत करताना हात किंवा काठी धरून ओढू नका हो. विचारा, आणि तुमचं कोपर पुढे करा, आम्ही धरतो. मला दोन वेळा जबरदस्तीने रस्ता ओलांडून दिलाय, मला पलीकडे जायचंच नव्हतं.

हडपसरकर

वेगळं मत मांडतो, राग मानू नका कोणी.

माझ्या पुतण्याचा उजवा हात कोपरापासून कडबाकुट्टीत गेला, नववीत असताना. आता डाव्या हाताने लिहितो, स्पर्धा परीक्षा देतोय, पाच वर्षं झाली. सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के जागा, त्यातपण प्रकार पाडलेले, म्हणजे त्याच्या वाट्याला किती येतात बघा. आणि तिथे खोटी सर्टिफिकेटं घेऊन लोक बसतात. २०२४ मध्ये आपल्या पुण्यातल्याच त्या प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याचं प्रकरण देशभर गाजलं, निवडच रद्द केली आयोगाने. त्या आठवड्यात पुतण्या जेवला नव्हता नीट. आणि खोटेपणा कुठे चालतो, तर जे दिसत नाही त्यातच चालतो ना. ऐकू येत नाही, कमी दिसतं, डोक्याचा त्रास आहे. हात नसल्याचं खोटं सर्टिफिकेट कोण काढणार?

त्यामुळे लोकांना शंका येते ती काय उगाच येत नाही. तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो, मी पण एकदा एका कॉलेजच्या पोराला उठवलं होतं बसमध्ये. कानात हेडफोन घालून बसला होता राखीव सीटवर. काही न बोलता उठला तो. तेव्हा मला बरोबरच वाटलं. तुमचं वाचून आता त्याचा चेहरा आठवायला लागलाय.

पण मग मी ओळखायचं कसं, हे सांगा कोणीतरी.

जाईची_वेल

हडपसरकर, राग कसला, तुम्ही खरं लिहिलंत म्हणून उलट बरं वाटलं. पुतण्याचा संताप मला शंभर टक्के मान्य आहे, त्याची जागा खाणारा माझी पण खातोच, कारण प्रत्येक खोट्या सर्टिफिकेटनंतर माझ्यासारखीकडे चार जास्त डोळे वळतात.

पण ओळखायचं कशाला तुम्ही? नोकरी मिळवताना तपासणी कडक करा, पाच वेळा तपासा, मी येईन. बसच्या सीटला काय लागतं, पंधरा मिनिटांचं बसणं. त्यात एखादा खोटा बसला तर एक सीट गेली. खरा उठवला गेला तर तो परत बसमध्ये चढायला घाबरतो, मी त्यानंतर चार दिवस रिक्षाने गेले, रोजचे दीडशे रुपये.

कोर्टाचीपायरी

वरच्या मुद्द्याला धरून थोडं कायद्याचं. खोटेपणाने दिव्यांगांच्या सवलती लाटल्या तर २०१६ च्या कायद्यात कलम ९१ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ते काम करायला यंत्रणा आहे, तिने करावं, प्रवाशांनी नको.

आणि जाई, ४० टक्क्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते आरक्षणासारख्या सवलतींना लागू आहे, पण सगळ्यालाच नाही. ११ फेब्रुवारी २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा विकास कुमार प्रकरणातला निकाल आहे. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, लेखनिक मागितला तर ४० टक्के नाहीत म्हणून नाकारला गेला. न्यायालयाने सांगितलं की आरक्षण वेगळं आणि वाजवी सोय वेगळी, सोय मागायला ४० ची अट घालता येणार नाही. तुमच्या ऑफिसात वेगळा कीबोर्ड, उशिरा सुरू होणारी शिफ्ट, घरून काम, हे मागताना या निकालाचा आधार घ्या. लेखी अर्ज द्या, तोंडी नको.

सिंहगडरोडची_आई

लेखनिकाचा विषय निघालाच आहे तर लिहिते. माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे आणि डिसग्राफिया पण. आता बारावीत आहे. बोलायला बस, इतिहासावर तासभर बोलेल, पानिपत तर सगळं तोंडपाठ, कोण कुठल्या बाजूला उभं होतं इथपर्यंत. लिहायला दिलं की एका ओळीत सात चुका आणि अर्ध्या तासात हात गळून जातो.

तिसरीपर्यंत आम्हीच मारलं त्याला. लिहितेय कारण धाग्यावर सगळे खरं लिहितायत. शुद्धलेखनाच्या वहीची पानं फाडून परत परत लिहायला लावायचे मी, रात्री दहा दहा वाजेपर्यंत, आणि तो लिहायचा बिचारा, रडत रडत. शाळेत बाई म्हणायच्या हुशार आहे पण चालढकल करतो. चौथीत एका नवीन बाईंनी पहिल्यांदा तपासून घ्या म्हणलं. तपासणी झाली, आयक्यू चांगला, अध्ययन अक्षमता निश्चित. मी घरी येऊन त्या सगळ्या वह्या माळ्यावरून काढल्या आणि वाचत बसले. टाकून दिलेल्या नाहीत अजून.

महाराष्ट्रात खरंतर हे लवकर सुरू झालं, बोर्डाच्या सवलती १९९६ पासून आहेत. वाढीव वेळ मिळतो, तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. गरज असेल तर लेखनिक. पण दहावीला पालकांच्या ग्रुपवर काय काय ऐकलं मी, "आमच्या मुलीला पण एक तास जास्त द्या मग, तिचे पण मार्क वाढतील." एका बाईंनी तर फोन करून विचारलं की कुठल्या डॉक्टरकडून मिळवलंत. मिळवलंत! ज्या मुलाने आठ वर्षं मार आणि बोलणी खाल्ली त्याला तो एक तास म्हणजे बक्षीस मिळालं असं त्यांना वाटतं. चष्मा लावणाऱ्या मुलाला म्हणतं का कोणी की याला काच जास्त मिळाली?

आणि माझ्याच बहिणीने सल्ला दिला होता की कागदोपत्री आणू नका, पुढे लग्नाच्या वेळी निघेल. मुलगा चौथीत होता हो.

निळीशाई

"पुढे लग्नाच्या वेळी निघेल" हे वाक्य ऐकत मी मोठी झाले. मला फिट्स येतात. अपस्मार. घरात त्याला नावच नव्हतं, 'ते' म्हणायचे. "ते आलं होतं का आज?" गावाकडच्या काकूंना सुद्धा माहीत नव्हतं, शाळेत सांगायचं नाही, गोळ्यांची पाकिटं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून टाकायची.

अकरावीत कॉलेजच्या कँटीनमध्ये मोठी फिट आली. शुद्धीवर आले तेव्हा कोणीतरी नाकाशी चप्पल धरली होती आणि तोंडात चमचा घातला होता, दाताचा टवका उडाला. चमचा घालणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही, तो मदतच करत होता, त्याला तेच माहीत होतं. म्हणून हे सगळ्यांनी डोक्यात ठेवा: फिट आली की त्या माणसाला दाबून धरायचं नाही, तोंडात काहीही घालायचं नाही, कांदा नको चप्पल नको. आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येते, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली की ॲम्ब्युलन्स, १०८. बहुतेक वेळा त्याआधी थांबते. मग शेजारी बसून राहा, कारण जाग येते तेव्हा आपण कुठे आहोत ते कळत नाही आणि सगळे वरून बघत असतात.

तुम्हाला माहितीये का, हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार झटके येणारा माणूस लग्नाला अपात्र, असं १९९९ पर्यंत लिहिलेलं होतं. १९९९ च्या दुरुस्तीत तो शब्द काढला. म्हणजे माझ्या आईने लपवलं ते निव्वळ लोकलाजेपायी नाही, कायद्यात सुद्धा तसंच होतं तेव्हा. हे मला फार उशिरा कळलं आणि आईवरचा माझा राग बराच उतरला. मी सांगून लग्न केलं, पहिल्या भेटीतच, वैशालीत डोसा यायच्या आधी. तो म्हणाला गोळ्या रोज घेतेस ना, आणि कुशीवर कुठल्या वळवायचं. बारा वर्षं झाली.

आता ऑफिसमध्ये माझ्या टीमला माहितीये. दोघांना कुशीवर वळवता येतं. सांगितल्यावर एकानेही तोंड फिरवलं नाही, हा बदल माझ्या डोळ्यांदेखत झालाय. फक्त मला गाडी चालवता येत नाही म्हणून "एवढी घाबरतेस काय" असं नवीन आलेला कोणीतरी म्हणतोच.

अबोली_७१

मी निवृत्त शिक्षिका. तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. जाईची_वेलचा 'लंगडे' वाचल्यापासून मी माझ्याच वर्गाचा विचार करतेय. आंधळं दळतं कुत्रं पीठ खातं, आंधळ्यांच्या राज्यात काणा राजा, आंधळ्या बहिऱ्याची गाठ, या म्हणी मी पाठ करून घेतल्या, वाक्यात उपयोग करायला लावले. माझ्या वर्गात एक मुलगी होती, कानाला यंत्र लावायची. त्या म्हणीला ती फळ्याकडे बघत राहिली होती. मी थांबले नाही, तेव्हा मला ते सुचलंच नाही.

म्हणी काढून टाका असं म्हणणार नाही, भाषा अशी खरवडून काढता येत नाही. पण वर्गात कोण बसलंय ते बघून शिकवता आलं असतं मला. आणि दिव्यांग हा शब्द, २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी सुचवला आणि मग सरकारी कागदांवर सगळीकडे आला, त्याने काही फरक पडला का, हे ज्यांना तो लावला जातो त्यांनी सांगावं.

काठीवाला

अबोलीताई, मला 'अंध' चालतं. दिव्यांग म्हणलं की माझ्यात काहीतरी दैवी आहे असं होतं आणि मग लोक विचारतात तुम्हाला गाणं येत असेल ना. मला गाणं येत नाही, मी जीएसटीची रिटर्न्स भरतो. पण ज्यांना तो शब्द आवडतो असे पण माझे मित्र आहेत, म्हणतात लंगड्यापेक्षा हजारपट बरा, तेही खरंच आहे. कुठला शब्द म्हणू असं एकदा विचारलंत तरी पुरे.

चाफा_औंध

मी फार लिहू शकत नाही. बायपोलर आहे, मनाचा आजार. नऊ वर्षं. हिंजवडीत एका कंपनीत सांगितलं होतं मॅनेजरला, विश्वासाने. पुढच्या दोन महिन्यांत महत्त्वाचं सगळं काम काढून घेतलं, "तुला स्ट्रेस नको म्हणून." रागावलो तर आजार, गप्प बसलो तर आजार. नवीन नोकरीत सांगितलेलं नाही. धागा वाचून आज बायकोला म्हणलं की सांगावं का. ठरलं नाहीये अजून. इथे लिहिलं एवढंच.

निळीशाई

चाफा, घाई करू नका. सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवायचं, ते कोणाचं देणं लागत नाही तुम्ही. बोलावंसं वाटलं तर निरोप करा, नवरा आणि मी दोघंही आहोत.

हडपसरकर

दहा दिवसांनी परत आलो. या धाग्याने झोप उडवली माझी, सांगायला हरकत नाही.

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. लिफ्ट आहे, पण रस्त्यापासून लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या. मागच्या वर्षी एजीएममध्ये रॅम्पचा विषय आला होता तेव्हा मीच म्हणलं होतं की आपल्याकडे तसं कोणी नाहीये, खर्च कशाला. मिनिट्समध्ये आहे ते, माझ्या सहीने. वर कोणीतरी मधल्या माणसांबद्दल लिहिलं होतं ना, म्हणून रविवारी चार मजले फिरलो, प्रत्येक दार वाजवलं आणि सरळ विचारलं, उतरायला त्रास होतो का कोणाला.

अठ्ठावीस फ्लॅट. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना पार्किन्सन्स आहे, लिफ्टने खाली येतात पण त्या तीन पायऱ्यांपाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो म्हणाल्या, म्हणून दीड वर्षं देवळात गेलेल्या नाहीत. मला वाटायचं मुलाकडे अमेरिकेला गेल्यात. एका मुलीचं गुडघ्याचं ऑपरेशन. एका घरात मुलगा आहे, सतरा वर्षांचा, स्वमग्न, त्याला पायऱ्यांचा त्रास नाही पण त्याची आई दारातच रडली, म्हणाली पाच वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं, नाहीतर फक्त तो ओरडतो म्हणून तक्रार यायची. ती तक्रार पण माझ्याच सहीने गेली होती दोनदा. मी त्यांच्याकडे चहा घेतला, त्याने मला त्याच्या बसच्या तिकिटांचा संग्रह दाखवला, नंबरप्रमाणे लावलेला.

पैसे निघालेत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो दीड मीटरमध्ये रॅम्प बसवून देतो, जागा वाचेल. करू का?

ओळंबा

नको! आर्किटेक्ट आहे म्हणून लगेच लिहितोय. तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर चढ धरा. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा जास्त नको, म्हणजे १ सेंमी चढायला १२ सेंमी लांबी. ४५ गुणिले १२, ५४० सेंमी, म्हणजे ५.४ मीटर. दीड मीटरमध्ये बसवला तर ती घसरगुंडी होईल, व्हीलचेअर मागे उलटेल आणि काकू तर त्याच्या जवळपास जाणार नाहीत. जागा सरळ नसेल तर मधे वळण घ्या, वळणावर दीड मीटरची सपाट जागा सोडा. रुंदी किमान १२० सेंमी. वर गुळगुळीत टाइल नको, पावसात मेला माणूस. आधी पायरीची उंची टेपने मोजा, अंदाजाने नको.

आणि पार्किन्सन्समध्ये पाय असा जागीच थबकतो तेव्हा जमिनीवर वेगळ्या रंगाचे आडवे पट्टे मारले तर बऱ्याच जणांना पाऊल उचलायला सोपं जातं. काकूंना विचारून बघा, रंगाच्या डब्याला कितीसे पैसे लागतात.

हडपसरकर

बरं झालं विचारलं. उद्या सकाळी टेप घेऊन खाली जातो. पार्किंगच्या दोन जागा जातील असं दिसतंय, त्यातली एक माझीच आहे.

जाईची_वेल

मी सगळा धागा बाबांना वाचून दाखवला, दोन बैठकीत, मधे ते झोपले. हडपसरकर, त्यांनी विचारलंय की कठडा दोन्ही बाजूंनी घेणार ना? चढताना ते उजव्या हाताने धरतात पण तो खांदा आता गेलाय, उतरताना डावा लागतो.

हडपसरकर

दोन्ही बाजूंनी. लिहून घेतलं.